पाच मिलिलिटरचं एक लिटर

पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी नागपूरला माझं सादरीकरण होतं. मी सगळ्यात शेवटी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातला फोटो दाखवला. मधे काळसर गोल कण आणि त्याच्याभोवती फिकट कडं. तो फोटो मिळवायला मला दीड वर्ष लागलं होतं, त्यामुळे दाखवताना माझा आवाज जरा चढला असावा. समोर बसलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी चष्मा काढला आणि विचारलं की हे तुम्ही एका वेळी किती बनवता. मी म्हणाले, पाच मिलिलिटर.

"पाच मिलिलिटर कुणीही बनवेल," ते म्हणाले. "एक लिटर बनवा. तेही तीनदा, आणि तिन्ही वेळा सारखं. मग त्याला पद्धत म्हणू."

ते रागानं बोलले नव्हते. पण परतीच्या बसमध्ये मला ते एकच वाक्य ऐकू येत राहिलं.

मी बुलडाणा जिल्ह्यातल्या एका फार्मसी कॉलेजात शिकवते. माहेर वडनेर भोलजीचं. घरी कपाशी, सोयाबीन. वर्गात मी पुस्तकातलं मराठी बोलते आणि घरी गेले की दोन मिनिटांत "काऊन बे" वर येते. कॉलेजात नोकरी करत पीएच.डी. करायची म्हणजे प्रयोग सगळे सुट्टीत नाहीतर तास संपल्यावर. मार्गदर्शक सर नागपूरला, मी इथे. प्रयोगशाळा म्हणजे कॉलेजच्या मागच्या बाजूची एक खोली, एक सेंट्रीफ्यूज, एक फ्रीज, आणि ध्वनिलहरींनी काचेची भांडी धुण्याची एक कुंडी.

काम काय होतं ते सांगते. ऑपरेशननंतर टाके घालायचा जो विरघळणारा धागा असतो, त्याच जातीच्या पदार्थाचे अतिसूक्ष्म कण बनवून त्यांत औषध भरता येतं. किती सूक्ष्म? रक्तातली तांबडी पेशी लिंबाएवढी धरली तर हा कण मोहरीएवढा. पण असा कण रक्तात सोडला की शरीर त्याला परका म्हणून लगेच ओळखतं आणि बाजूला काढतं. त्यावर तोड म्हणून तांबड्या पेशीचंच पातळ पटल काढून कणावर चढवायचं. मग शरीराला तो आपलाच वाटतो आणि ते त्याला बराच वेळ फिरू देतं. ही कल्पना माझी नव्हे, जगभर लोक त्यावर काम करतात. मी आपल्याकडच्या बकरीच्या रक्तावर ते करून पाहत होते.

रक्त आणायची मी मोताळ्याहून. कॉलेजच्या समितीची रीतसर परवानगी घेतली होती, पण परवानगीनं रक्त मिळत नाही, त्यासाठी माणूस लागतो. आठवडी बाजाराच्या टोकाला एका चाचांचं मटणाचं दुकान आहे. वय साठीच्या पुढचं, मेंदी लावलेली दाढी, अंगात कायम धुतलेला पांढरा बनियन. पहिल्यांदा मी माझी बाटली घेऊन गेले तेव्हा त्यांनी ती हातात घेऊन उजेडाला धरली आणि आत काय आहे विचारलं. रक्त गोठू नये म्हणून सायट्रेटचं पाणी आहे, मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. ते रक्त कुणाला खायला-प्यायला जाणार नाही ना, एवढंच त्यांना पक्कं करून घ्यायचं होतं. त्यांच्यात रक्त हराम. मी म्हणाले, नाही, त्यातलं पटल तेवढं घ्यायचं, तेही अभ्यासासाठी.

पुढच्या खेपेला गेले तर त्यांनी एक स्टीलचं भांडं उकळून झाकून ठेवलं होतं. बकरी कापल्यावर पहिली धार त्यांनी सोडून दिली, मग बाटली तिरपी धरून काठाच्या आतल्या बाजूनं रक्त अलगद उतरवलं. दुसऱ्या एका दुकानात मी आधी प्रयत्न केला होता, तिथे बाटलीत वरून धार सोडली आणि फेस आला. त्या फेसानं अर्ध्या पेशी रस्त्यातच फुटल्या होत्या. बकरीची तांबडी पेशी फार लहान आणि फार नाजूक. चाचांना हे कुणी शिकवलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले की फेस आलेलं रक्त लवकर काळं पडतं, एवढं त्यांनी पाहिलं होतं. चाळीस वर्षं एकच काम नीट करणाऱ्या माणसाच्या नजरेत किती साठलेलं असतं, ते मला तेव्हा कळायला लागलं.

पाच मिलिलिटर बनवायची रीत अशी होती. पेशी धुवायच्या, मग थंड पाण्यात अगदी थोडं मीठ टाकून त्यात सोडायच्या. पेशी फुगून फुटतात, आतला लाल रंग बाहेर पडतो आणि रिकामी पटलं राहतात. ती सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवून पुन्हा पुन्हा धुवायची, पांढरट होईपर्यंत. मग पटलं आणि कण एकत्र करून, समोरासमोर बसवलेल्या काचेच्या दोन सिरिंजांमधून, मधल्या बारीक भोकांच्या चकतीतून इकडून तिकडे ढकलायचे. अकरा वेळा. माझ्या दोन्ही अंगठ्यांना घट्टे पडले होते.

नागपूरहून आल्यावर मी सगळं मोठं करायला निघाले. मोठी बाटली, मोठी सिरिंज, दाब देऊन गाळायचं मोठं यंत्र. पहिल्याच दिवशी गाळणीवर लाल चिखल साचला आणि सगळं तुंबलं. दाब वाढवला तर गाळणी फाटली आणि समोरच्या भिंतीवर लाल शिंतोडे उडाले. मी ते पुसत असताना प्राचार्य दारातून पाहून गेले. सेंट्रीफ्यूजमध्ये करावं तर एका वेळी चमचाभर. एक लिटरसाठी लागणारी पटलं त्यात धुवायची तर आठवडा गेला असता, आणि आठवड्यात ती खराब झाली असती. दोन महिने हेच. कधी कण उघडे राहायचे, कधी नुसत्याच रिकाम्या पटलांच्या पिशव्या. मी सरांना फोन करून सांगितलं की मला हे जमेलसं वाटत नाही. ते म्हणाले, विचार करा. म्हणजे सोडायचं असेल तर सोडा, असंच मी ते ऐकलं.

चाचांकडे मात्र मी जातच होते. एका बाजाराच्या दिवशी त्यांनी गिऱ्हाईक आटोपलं, हात धुतले आणि मला खुर्ची दिली. मी बाटल्या मोठ्या नेते आहे आणि तोंड लहान होत चाललंय, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. मी त्यांना सगळं सांगितलं, त्यांना समजेल की नाही याचा विचार न करता. गाळायला गेलं की तुंबतं, एवढं त्यांनी पकडलं.

"माही पोरगी खामगावले हेच काम करते," ते म्हणाले. "मी कापतो, थे गाळते. तिले इचार, बेटी."

त्यांची मुलगी खामगावच्या एका दवाखान्यात डायलिसिसची तंत्रज्ञ आहे, हे मला तेव्हा कळलं. मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसांचं रक्त यंत्रातून साफ करायचं काम. चाचांनी तिथल्या तिथे तिला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. पलीकडून शांत आवाज आला, की सकाळी सातच्या आत या, पेशंट लावताना पाहा, मग बोलू.

मी गेले. चार खाटा, चार यंत्रं. ती माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असेल. डोक्याला घट्ट बांधलेला हिजाब, निळा गाऊन, हातमोजे. सगळे पेशंट तिला ताई म्हणत होते, माझ्या आजोबांच्या वयाचेसुद्धा. पहिला तास तिनं माझ्याकडे पाहिलंदेखील नाही. प्रत्येकाला आधी वजनकाट्यावर उभं केलं, आकडा लिहिला, हातातल्या शिरेवर बोट ठेवून आतल्या रक्ताची थरथर पाहिली, सुई लावली, यंत्र सुरू केलं. एका बाईंना भीती वाटत होती, त्यांच्याशी ती घरच्या म्हशीबद्दल बोलत राहिली आणि सुई कधी लागली ते त्या बाईंना कळलं नाही. चारही यंत्रं चालू झाली, चारही कागदांवर पहिली नोंद झाली, तेव्हा ती माझ्याकडे आली.

तिनं एक न वापरलेला फिल्टर हातात दिला. पारदर्शक नळकांडं, आत केसांसारखी हजारो पांढरी सुतं. प्रत्येक सूत आतून पोकळ. रक्त त्या पोकळीतून वाहत जातं आणि नको ते सुताच्या भिंतीतून बाजूला झिरपतं. मी माझ्या गाळणीचं दुखणं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मॅडम, तुमी रक्ताले जाळीवर ढकलून राह्यल्या. ढकललं का थे बसते. जाळीच्या बाजूनं चालवाचं. चालत राह्यलं का बसत नाही."

मला अतिशय लाज वाटली. कारण हे मला माहीत होतं. आडव्या प्रवाहानं गाळणं हा माझ्याच अभ्यासक्रमातला मुद्दा, दरवर्षी मी तो शिकवते, परीक्षेत दोन मार्कांना विचारते. पण पुस्तकातलं ते यंत्र म्हणजे कुठल्यातरी परदेशी कारखान्यातलं, अशी माझी समजूत होती. ते आमच्या जिल्ह्यात रोज सकाळपासून चालू होतं, आणि चालवणाऱ्या बाईला त्याचं इंग्रजी नाव सांगावं लागलं नव्हतं.

मी तिला विचारलं की असा एखादा वापरलेला फिल्टर मला मिळेल का. तिनं सरळ नाही म्हटलं. वापरलेला फिल्टर पेशंटच्या रक्ताचा, तो नियमानं नष्ट होतो, आणि नवा फिल्टर पेशंटच्या वाट्याचा. त्यातला एकही बाहेर जाणार नाही. मात्र माझ्या कामाला तसाही हा चालणार नव्हता, याची भोकं फार बारीक. रक्तातला पातळ भाग वेगळा काढायला मोठ्या भोकांचा फिल्टर मिळतो, तो मागवा, असं तिनं कागदावर लिहून दिलं. आणि म्हणाली की माझी सुट्टी रविवारी असते, मी येईन.

कॉलेजनं फिल्टर मागवले. पंपाचा प्रश्न होता. एका खाजगी दवाखान्यानं मोडीत काढलेल्या डायलिसिस यंत्राचा फिरकीचा पंप खामगावच्या भंगारवाल्याकडे पडून होता, तो तिनंच शोधला. त्याची रबरी नळी बाहेरून दाबत फिरकी फिरते, रक्त पंपाला लागतच नाही, त्यामुळे नळी नवी घातली की पंप नवा. तिनं तो उघडून साफ केला, फिरक्यांमधली फट कागदाची पट्टी घालून तपासली.

पहिल्या रविवारी ती चाचांबरोबर मोटरसायकलवर आली. चाचा दारात चपला काढून उभे राहिले, आत या म्हटलं तरी आले नाहीत, म्हणाले इथूनच दिसतंय. तिनं फिल्टर उभा धरून खालून मिठाचं पाणी भरलं आणि तळहातानं त्यावर हळूहळू थापट्या मारत राहिली. सुतांमधून हवेचे बारीक बुडबुडे वर येत होते. एक बुडबुडा राहिला की ते सूत बंद, ती म्हणाली. मला वाटलं होतं दोन मिनिटांचं काम आहे. तिनं वीस मिनिटं लावली.

मग बर्फात ठेवलेल्या बाटलीतून रक्त फिरायला लागलं. आधी पातळ पिवळं पाणी बाजूच्या नळीतून निघून गेलं आणि पेशी धुतल्या गेल्या. मग थंड, जवळजवळ बिनमिठाचं पाणी सोडलं, पेशी फुटल्या आणि बाजूच्या नळीतून लाल पाणी वाहू लागलं. मी इतकी हरखले की फिल्टरमधून बाटलीकडे परतणाऱ्या नळीचा चिमटा आवळला. आतला दाब वाढला तर लाल पाणी लवकर निघेल, असा माझा हिशोब. दहा मिनिटांत धार बारीक झाली आणि मग थांबली. फिल्टर गेला होता.

ताईनं पंप बंद केला. ती चिडली नाही. "घाई तुमची हाय मॅडम, रक्ताची नाही," एवढंच म्हणाली आणि तुंबलेला फिल्टर मोकळा करायला बसली. तो झाला नाही. त्या दिवशी आम्ही घरी गेलो.

दुसऱ्या रविवारी मी चिमट्याला हात लावला नाही. लाल पाणी तासाभरानं गुलाबी झालं, मग आणखी फिकट, आणि दुपारपर्यंत बाजूच्या नळीतून नितळ पाणी यायला लागलं. आतल्या बाटलीत ताकासारखं काहीतरी फिरत होतं. अर्धा लिटर रक्तातली पटलं, एका दिवसात, एकाच फिल्टरवर धुतलेली. चाचा त्या दिवशीही दारात होते. त्यांनी त्या बाटलीकडे बोट केलं.

"हे माह्या बकऱ्याचं हाय?"

ताई म्हणाली, "हाव अब्बा."

ते उंबऱ्यावरून आत वाकले. लाल नसलेलं रक्त त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं असेल.

कणांवर पटल चढवायची मोठ्या मापाची रीत मला मात्र स्वतः शोधावी लागली. सिरिंजा सोडून दिल्या. एका बाजूनं पटलं, दुसऱ्या बाजूनं कण, दोन धारा एका जोडावर एकत्र आणून पुढे बारीक नळीच्या वेटोळ्यातून न्यायच्या, आणि ते वेटोळं ध्वनिलहरींच्या कुंडीत थंड पाण्यात बुडवून ठेवायचं. लहरींनी पटलं तुटून कणांवर बसतात. धार चालू असेपर्यंत काम चालू. पटलांचं आणि कणांचं प्रमाण नेमकं बसवायला मला बरेच आठवडे लागले. पटल कमी पडलं तर कण उघडे, जास्त झालं तर रिकाम्या पिशव्या, आणि त्या मागाहून वेगळ्या करणं महाकठीण. शेवटी उरलेली प्रथिनं काढायला पुन्हा एक, याहून बारीक भोकांचा, सुतांचा फिल्टर.

सगळं जमलं, आणि तरी हाती येणारा माल दर वेळी वेगवेगळा भरायचा. एकदा भरपूर, एकदा निम्मा. मी कारणं शोधून थकले. ताईनं एक दिवस विचारलं की तुम्ही वजन कुठं लिहिता.

मी वजन लिहीतच नव्हते. तिला ते खरं वाटेना. डायलिसिसमध्ये पेशंटचं वजन आधी आणि नंतर, हे पहिलं काम. तिनं माझ्या वहीचं एक पान फाडून तक्ता आखला, अगदी तिच्या दवाखान्यातल्यासारखा. सुरुवातीचं वजन, दर अर्ध्या तासाला आतला दाब, बाहेरचा दाब, रंग, बर्फ, शेवटचं वजन. वर डाव्या कोपऱ्यात सवयीनं 'पेशंट' असं लिहिलं, मग खोडायला गेली. मी खोडू दिलं नाही. तेव्हापासून आमच्या प्रत्येक खेपेला पेशंट क्रमांक असतो.

दोन पेशंटमध्येच चोर सापडला. जेवढं आत टाकत होतो त्यातला मोठा भाग फिल्टरच्या सुतांमध्येच राहून जात होता, आणि मी तो फिल्टरसकट टाकून देत होते. ताईनं टाकायला काढलेला फिल्टर परत माझ्यासमोर ठेवला.

"आमी पेशंटचं रक्त फिल्टरमधी सोडून देत नाही ना मॅडम. शेवटी मिठाचं पाणी सोडून त्याचं त्याले वापस देतो. थेंब थेंब."

डायलिसिस संपताना हे ती रोज चार-चार, आठ-आठ वेळा करत होती. मी ते पाहिलंही होतं त्या सकाळी, आणि ते पेशंटवरच्या दयेपोटी केलेलं काहीतरी आहे असं समजून सोडून दिलं होतं. पुढच्या रविवारी आम्ही शेवटी पंप अगदी मंद केला, थंड मिठाचं पाणी हळूहळू सोडलं आणि सुतांमधलं सगळं परत बाटलीत घेतलं. वजन जुळलं. त्यानंतरच्या खेपेलाही जुळलं.

मी सरांना कळवलं. शेवटच्या तीन खेपांपैकी तिसरीला ते स्वतः आले. एप्रिलचा महिना, खिडकीला ओला पडदा लावूनही खोली भट्टीसारखी तापलेली. सर मितभाषी. ते येण्याआधी फोनवर आमचं थोडं वाजलंही होतं. शोधनिबंधात ताईचं नाव लेखकांत घालायचं, असं मी म्हणाले होते. त्यांनी तिचं शिक्षण विचारलं. बारावीनंतरची पदविका, मी सांगितलं. ते म्हणाले की तळाला आभार मानले की पुरे, तशीच रीत आहे. मी म्हणाले, या आणि पाहा.

फुटलेल्या पेशींचं लाल पाणी निम्मं निघालं असेल तेव्हा वीज गेली. पंखा थांबला, पंप थांबला. फिरणं थांबलं की पटलं सुतांच्या भिंतींवर बसणार, आणि एकदा बसली की फिल्टर गेला, खेपही गेली. मी इन्व्हर्टरकडे धावले, तो कॉलेजच्या ऑफिसपुरता होता. परत वळून पाहते तर ताईनं पंपाच्या झाकणामागून एक छोटा दांडा काढून फिरकीत बसवला होता आणि ती हातानं फिरवत होती. डायलिसिसच्या पंपाला तो असतोच. वीज गेली तरी माणसाचं रक्त नळीत अडकू नये म्हणून.

ती स्टुलावर बसून, भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे पाहत, एका लयीत फिरवत होती. वेग कमी नाही, जास्त नाही. दुसऱ्या हातानं नळी चिमटीत धरून आतला दाब अजमावत होती. मी बर्फ फोडून बाटलीभोवती लावत राहिले. मी म्हणाले, मी घेते, तू थांब. तिनं मानेनंच नको म्हटलं, हात बदलला की लय बदलते. तिच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता. सरांनी खिशातून रुमाल काढला आणि माझ्याकडे दिला, मी तो तिच्या कपाळाला लावला. मग सरांनी पेन घेतलं, तिचा तक्ता पुढे ओढला आणि दर काही मिनिटांनी बाजूच्या पाण्याचा रंग स्वतः लिहू लागले. असं जवळजवळ पाऊण तास चाललं.

वीज आली तेव्हा मी बटणाकडे हात नेला. ताई म्हणाली, थांबा, पहिला झटका जाऊ द्या. तिनं आणखी दोन मिनिटं हातानं चालवलं, ट्यूबलाइट स्थिर झाली ते पाहिलं, मग दांडा काढून पंप यंत्रावर सोडला. तिचा उजवा हात स्टुलावर तसाच पडून होता.

सर जाताना व्हरांड्यात थांबले. म्हणाले, "त्यांचं नाव तुमच्या नावानंतर लगेच घाला. माझं शेवटी."

ती खेपही आधीच्या दोन्हींसारखी एक लिटरचीच. नमुने नागपूरला गेले. आकाराचा आलेख आला, एकच टोक, म्हणजे सगळे कण एकाच मापाचे, आधीच्या दोन खेपांच्या टोकावर बसणारं, आणि माझ्या पाच मिलिलिटरच्याही. सूक्ष्मदर्शकाखाली कणांभोवती कडं होतं. मी ते तिन्ही आलेख एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले आणि खुर्चीत बसून राहिले. आनंदानं ओरडावं असं काही झालं नाही. फार दिवसांनी पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

यातून औषध झालेलं नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. जनावरांवरच्या चाचण्या, माणसाचं रक्त, जंतुरहित खोल्या, हे सगळं पुढे आहे आणि त्यातलं बरंचसं माझ्या हातून होणारही नाही. आम्ही एवढंच दाखवलं की हे मोठ्या मापात आणि सारखं करता येतं, आणि त्यासाठी लागणाऱ्या वस्तू तालुक्याच्या गावी मिळतात. निबंध एकदा परत आला. उरलेला लाल रंग किती, ते मोजून द्या म्हणाले. कृतीचा भाग मी पुन्हा लिहिला आणि ताईला मराठीत वाचून दाखवला. तिनं दोन ठिकाणी थांबवलं. हवा काढण्याबद्दल मी एकच ओळ लिहिली होती. ती म्हणाली की हे वाचून कुणी दोन मिनिटांत उरकेल आणि तुम्हाला खोटं ठरवेल. मी ते अर्धं पान केलं. निबंध स्वीकारला गेला.

छापून आलेली प्रत घेऊन मी खामगावला गेले. तिची सकाळची पाळी चालू होती. हात मोकळे नव्हते, म्हणून तिनं मला ती तिच्या टेबलावर उभी करून ठेवायला सांगितली आणि येता-जाता लांबूनच आपलं नाव पाहत राहिली. पिंपळगाव राजाचे एक म्हातारे शेतकरी दुसऱ्या खाटेवर होते. आठवड्यातून दोनदा येतात, तिच्याच हातून सुई लावून घेतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. ते काय हाय, त्यांनी विचारलं. तिनं त्यांचा दाब मोजत मोजत सगळं सांगितलं, बकरीच्या रक्तापासून ते पंप हातानं फिरवला तिथपर्यंत, त्यांच्या बोलीत, एकही अवघड शब्द न वापरता. माझ्या वर्गात मला ते इतकं सोपं कधी सांगता आलेलं नाही.

म्हाताऱ्यांनी ऐकून घेतलं. मग आपल्या हाताकडे पाहिलं, जिथे वर्षानुवर्षं टोचून शीर दोरासारखी वर आली आहे.

"म्हंजे आमच्यावर हात बसला म्हणून जमलं तुले," ते म्हणाले.

"हाव बाबा," ती म्हणाली, आणि तक्त्यावर अर्ध्या तासाची नोंद करून तिसऱ्या खाटेकडे गेली.